दुकानाच्या कॉम्प्युटरला रॅम किती? 8 जीबी की थेट 16?

दारव्हा तालुका (धागा सुरू)
गावात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, स्कॉलरशिप. जुना डेस्कटॉप: सहाव्या पिढीचा आय3 प्रोसेसर, 4 जीबी डीडीआर4 रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) एकच स्टिक, साधी हार्ड डिस्क, विंडोज 10. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की क्रोमचे दहा टॅब, स्कॅनर, पीडीएफ, आणि मशीन अडते. ओटीपी येतो, पण टाकायची खिडकी उघडेपर्यंत त्याची मुदत संपते. निंदणावरच्या बाया तशाच सोडून आलेला माणूस समोर उभा असतो. त्याला काय सांगू?

वरूडकर
भाऊ, 16 कायले पाह्यजे? आणखी एक 4ची टाका, 8 झाली. माया दुकानात 8 वर तीन वर्षं झाले, काई तरास नाई. उरल्या पैशात एसएसडी घ्या, म्हंजे चिपवाली वेगवान डिस्क. खरा अडथळा ते हार्ड डिस्क हाय.

चिखली
पटत नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं. एसएसडीवर ते ढकलणं लवकर होतं, पण बंद होत नाही. स्क्रीनवर चित्र दाखवणारं ऑनबोर्ड ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं. आज 4ची घेऊन स्टिक बसवायचे दोन्ही स्लॉट भरले, तर पुढच्या वेळी ती काढून ठेवावी लागेल. 8च्या दोन घ्या.

वरूडकर
पुढच्या वेळी? या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाई, अन् 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला संपले. नवीन मशीन डीडीआर5ची आली तर हे स्टिक तिच्यात बसतच नाई, खाच वेगळी राह्यते. रॅमचे भाव चढले असताना जाणाऱ्या मशीनवर 16 चा खर्च कायले?

आर्वीहून
आधी मोजा ना जी. गर्दीच्या वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'इन यूज' पाहू नका, तो आकडा 4 च्या वर जाऊच शकत नाही. 'कमिटेड' पाहा. सगळ्या प्रोग्रामनी मिळून किती मागितलं ते तिथे कळतं.

दारव्हा तालुका
आज दुपारी पाहिलं. कमिटेड 7.3 जीबी. डिस्क 100 टक्क्यांवर.

चिखली
म्हणजे 8 काठोकाठ. दोन टॅब वाढले की पुन्हा तेच.

आर्वीहून
रिकाम्या स्लॉटमध्ये 8ची एकच घाला, 12 होते. जुनी वाया जात नाही. दोन्ही सारख्या नसल्या तरी चालतं, वेग फक्त हळू स्टिकचा मिळतो.

वरूडकर
12 ले माई ना नाई. पण एसएसडी पह्यले, रॅम नंतर.

चिखली
मी अजूनही 16च म्हणेन. पण 8 पेक्षा 12 बरी.

दारव्हा तालुका
एसएसडी आणि 8ची एक स्टिक, दोन्ही यवतमाळला सांगून आलो. जुन्या स्टिकवर वेग 2133 लिहिलाय, तिचा फोटो दुकानदाराला दाखवला. विम्याची गर्दी सुरू झाली की कमिटेडचा आकडा इथेच टाकतो.