सुंबा बेटावर (इंडोनेशिया) महिनाभर खेड्यात राहायचंय, हे म्हशींचं गणित कुणी समजावेल का?

टाका_दोरा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी कापडावर काम करते आणि इकत (धागे आधी बांधून रंगवायचे, मग विणायचे) शिकायला जुलैमध्ये पूर्व सुंबातल्या एका खेड्यात महिनाभर राहणार आहे, वाइंगापू शहरापासून दीडेक तासावर. मागच्या वर्षी आठ दिवस जाऊन आले होते. गाव एवढंसं, उंच टोपीसारख्या छपराची घरं, काहींवर गवत जाऊन पत्रा आलाय, आणि अंगणाच्या मधोमध भल्यामोठ्या दगडी कबरी ज्यांच्यावर बायका मस्तपैकी धान्य वाळत घालतात. ज्या घरी राहिले त्या मामा (तिथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात, पहिले दोन दिवस माझी फार गडबड झाली) पहाटे जेरिकॅन घेऊन पाण्याला जायच्या, कोरड्या दिवसात झरा आटतो म्हणून लांब जावं लागतं. मुलाची कॉलेजची फी थकलेली. आणि त्याच घरातून पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी मयताला एक घोडा आणि दोन म्हशी जाणार होत्या. मी आपलं सहज म्हटलं की त्यापेक्षा फी भरा ना. सगळे गप्प. मग मामांनी पानाची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि विषय संपला.

मी नक्की काय चुकीचं बोलले? आणि यावेळी जाताना काय लक्षात ठेवू?

सोलरवाला:
मी नुसा तेंगारा तिमुरमध्ये (सुंबा ज्या प्रांतात येतं तो) सोलर पंपाच्या कामावर दोन वर्षं होतो, त्यातलं बरंचसं सुंबावर. ताई तुम्ही चूक नाही बोललात, फक्त दुसऱ्याच्या आहेराच्या वहीत हात घातलात. ते अक्षरशः आहेराचंच आहे. सोयऱ्यांच्या दोन बाजू असतात, मुलगी दिलेले आणि मुलगी केलेले. मुलगी केलेल्यांनी घोडे, म्हशी आणि मामुली नावाचे सोन्याचे दागिने आणायचे, मुलगी दिलेल्यांनी कापडं, मणी आणि डुकरं आणायची. लग्नात तेच, मयतात तेच. लग्नातल्या देण्याला बेलिस म्हणतात आणि ते फिटायला वर्षं जातात. मी बसलो होतो त्या मयतात एक मुलगा वही घेऊन लिहीत होता, कुणाची म्हैस, शिंगं केवढी, कुणाचं कापड. शिंगांच्या लांबीवर म्हशीची किंमत ठरते, आणि आकडे 'जुता'मध्ये सांगतात. एक जुता म्हणजे दहा लाख रुपिया, ऐकून दचकू नका. तर मामांच्या दोन म्हशी म्हणजे बहुतेक त्यांच्या सासऱ्याच्या वेळी आलेल्या दोन म्हशी परत चालल्या होत्या. त्या न देता फी भरली असती तर उद्या त्यांच्या घरी काही झालं की दारात कोण उभं राहणार?

सगळी सोय होईपर्यंत लोक मयत घरातच कापडात गुंडाळून ठेवतात, महिनोन्‌महिने, मोठ्या घराण्यात वर्षानुवर्षं. तुम्हाला कुठल्या घरात आतल्या बाजूला बसू नका म्हटलं तर कारण विचारत बसू नका.

नीळ_आणि_आल:
सोलरवाल्यांनी कापडाचं सांगितलं तेच तर मुख्य आहे, ताई तुम्ही जे शिकायला चाललाय ते कापड त्याच हिशोबाची दुसरी बाजू आहे. पुरुषांचं कापड, हिंग्गी, जोडीने विणतात, एक कमरेला एक खांद्यावर, आणि मेलेल्याबरोबर कित्येक कापडं कबरीत जातात. म्हणजे वर्षभर बांधून रंगवून विणलेली वस्तू मातीखाली. मला पहिल्यांदा रडू आलं होतं, नंतर कळलं की विणणारीला ते वाया गेलं असं अजिबात वाटत नाही. नक्षी पण बघा, घोडा, हरीण, मगर, आणि आंडुंग म्हणजे शत्रूची मुंडकी टांगायचा खांब. ते कापड मुळात टूरिस्टसाठी नव्हतंच.

कामाचं सांगते. जुलैत निळा रंग बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका, नीळ सहसा पावसाळ्याच्या सुमारास करतात कारण पाला तेव्हाच ताजा असतो. तुम्हाला लाल मिळेल. मेंगकुडूची मुळं, म्हणजे आपली बारतोंडी किंवा आल, ती कुटून त्यात लोबा नावाच्या झाडाची पानं घालतात, त्यात ॲल्युमिनियम असतं म्हणून रंग पक्का बसतो. वेगळी तुरटी लागत नाही. निळीच्या मडक्याजवळ पुरुषांना येऊ देत नाहीत, म्हणून नवरा किंवा मित्र बरोबर असेल तर आधीच सांगून ठेवा.

पटत_नाही:
सगळं खरं पण थोडं उलटंही बोलतो. 'त्यांची संस्कृती' म्हणून आपण गप्प बसणं सोपंय, तिथलीच तरुण पोरं या प्रकारावर वैतागलेली मी बघितलीत. बेलिसच्या कर्जापायी बालीला नाहीतर मलेशियात मजुरीला जातात. किती जनावरं कापायची यावर मर्यादा असावी असं तिथले लोकच म्हणतात. तेव्हा ताईंचा प्रश्न मूर्ख नव्हता. पण आठव्या दिवशी पाहुणीने विचारायचा नव्हता, एवढंच.

आणि गाव म्हणजे काळ थांबलाय वगैरे समजू नका. 2014 च्या गाव कायद्यानंतर 2015 पासून दरवर्षी गावाला सरकारकडून पैसे येतात, दाना देसा म्हणजे गावनिधी, त्यामुळे कपाला देसाची म्हणजे सरपंचाची निवडणूक कशी रंगते ते बघाच. मारापू म्हणजे तिथला पूर्वजांचा धर्म, तो ओळखपत्रावर लिहिता येत नव्हता, रकाना कोरा सोडायचा किंवा ख्रिश्चन लिहायचं. 2017 मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे 'श्रद्धा' असं लिहायची सोय झाली. तरी एकाच घरात चर्च आणि मारापू दोन्ही आरामात चालतं.

टाका_दोरा:
बापरे, एवढं सगळं! आता लाजच वाटतेय. म्हणजे मी त्यांना उधारी बुडवा असं सांगत होते. अजून एक, मी शाकाहारी आहे, मागच्या वेळी आठ दिवस भात, मका आणि पपईच्या पानांच्या भाजीवर काढले पण महिना निघेल का? आणि पासोला (ती घोड्यावरून भाले फेकायची लढत) जुलैत असतो का?

सोलरवाला:
पासोला फेब्रुवारी-मार्चमध्ये, समुद्रात न्याले किडे येतात तेव्हा, आणि तोही पश्चिमेकडे कोडी, लंबोया, वानोकाका भागात. तुमच्या गावात नाही. शाकाहाराचं पहिल्याच दिवशी सांगा, कोंबडी कापल्यावर नाही. कापली असेल तर ताटाला हात तरी लावा, नुसतं नको म्हणणं फार लागतं त्यांना. मच्छरदाणी न्या, मलेरिया आहे. पोचल्यावर आधी कपाला देसाकडे जाऊन वहीत नाव लिहून या.

नीळ_आणि_आल:
आणि वाइंगापूच्या बाजारातून सिरीह पिनांग म्हणजे त्यांचा विडा-सुपारी घेऊन जा, रिकाम्या हाताने ओसरीवर चढू नका. मामांनी टोपली सरकवली म्हणजे त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं, घेतलंत ना तेव्हा?

टाका_दोरा:
घेतलं की! पण तिथे विड्याचं पान नसतं हो, त्या वेलीचं हिरवं बोटासारखं फळ असतं, ते चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावायचं. मी आपल्या सवयीने चुना भरपूर घेतला आणि जीभ सोलून निघाली, दोन दिवस भात गिळवत नव्हता. सगळी ओसरी हसत होती.

नीळ_आणि_आल:
मग झालं तर. हसली ना ओसरी, यावेळी त्याच बायका तुम्हाला धागा बांधायला बसवतील. चुना फळाच्या टोकाला नुसता टेकवायचा.