शब्दचर्चा: फॉर्टिफाइड, ड्राय आणि मदिरा

शब्दखुळी: 'फॉर्टिफाइड वाइन'ला, म्हणजे वरून मद्यार्क घातलेल्या वाइनला, मराठीत काय म्हणावं? 'बळकट' विचित्र वाटतं आणि 'तटबंद' म्हटलं की किल्लाच डोळ्यांपुढे येतो.

तळघर: 'मद्यार्कयुक्त' नको, मद्यार्क तर प्रत्येक वाइनमध्ये असतोच. 'मद्यार्कवर्धित' घ्या. हा मद्यार्क कधी घालतात, त्यावर सगळं ठरतं. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या 'पोर्ट' या गोड वाइनसाठी रस आंबत असताना, बरीच साखर शिल्लक असतानाच, 77 टक्क्यांचा द्राक्षांचा मद्यार्क ओततात. प्रमाण साधारण 435 लिटर रसाला 115 लिटर. यीस्ट मरतं, साखर उरते आणि वाइन 19 ते 22 टक्क्यांची होते. उशीर झाला तर यीस्ट साखर संपवत जातं. घाई केली तर सालींतला रंग आणि तुरटपणा पुरेसा उतरत नाही, म्हणून त्याआधी साली भरपूर तुडवतात.

कोरडवाहू: 435 अधिक 115 म्हणजे 550 लिटर, दोरूतली एक 'पिपा'. आपलं पिंप तिथूनच आलेलं.

शब्दखुळी: वा! आणि 'ड्राय'ला 'कोरडी' चालेल ना?

कोरडवाहू: रूढ झालाय, पण फसवा आहे. तोंड कोरडं पडतं ते सालींतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे. त्याला आपल्याकडे 'तुरट' हा चोख शब्द आहे. 'ड्राय' म्हणजे साखर जवळपास न उरलेली. मी 'अगोड' लिहीन.

तळघर: 'अगोड'ही पोर्टच्या बाटलीवर चुकेल. साध्या वाइनवर 'सेकु' (पोर्तुगीजमध्ये 'ड्राय') असेल तर साखर लिटरला साधारण 4 ग्रॅमपर्यंत (आम्लता जास्त असेल तर 9 पर्यंत सूट). पोर्टवर तोच 'सेकु' म्हणजे 40 ते 65 ग्रॅम! 'एश्त्रा सेकु' 40 च्या खाली. म्हणून भाषांतरात 'सेकु' तसाच ठेवून कंसात ग्रॅम द्यावेत. खरोखर अगोड हवी असेल तर दोरूचीच मद्यार्क न घातलेली वाइन पाहा.

शब्दखुळी: मडेरा बेटावरची 'मडेरा' वाइन आणि आपली 'मदिरा', शब्द एकच का?

कोरडवाहू: मोह होतो, पण नाही. पोर्तुगीजमध्ये 'मदैरा' म्हणजे लाकूड. बेटावर दाट जंगल होतं म्हणून ते नाव. मदिरा संस्कृत 'मद्'वरून. योगायोग म्हणून मात्र झकास!

तळघर: ही वाइन मुद्दाम तापवतात. 'एश्तुफा' पद्धतीत टाक्यांत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने, 'कांतैरु' पद्धतीत उबदार माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षं. उष्णता आणि हवा दोन्ही आधीच सोसलेली असल्याने उघडल्यावर महिनोन्महिने टिकते. रूबी (तरुण, लाल) पोर्ट एक-दोन आठवड्यांत उतरते, टॉनी (पिंपात मुरलेली, तपकिरी) महिनाभर बरी राहते. अगोड साधी वाइन फ्रिजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांतच संपवावी.

शब्दखुळी: पोर्तुगालचीच 'व्हिन्यु व्हेर्द' (शब्दशः 'हिरवी वाइन') मग 'हिरवी वाइन'च म्हणायची?

कोरडवाहू: 'कोवळी'. रंगाचा संबंध नाही. ती लालही असते.