११ इंची स्वस्त लॅपटॉप घ्यावा का? बहिणीसाठी हवाय, बजेट १८ हजार

शिफ्टवाला_चाकण

नमस्कार मंडळी. मी चाकणला एमआयडीसीत कामाला आहे, घर विट्याला. धाकटी बहीण सांगलीला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने जाऊन येऊन. सोबत एमपीएससीची तयारी चालू आहे, लक्ष लिपिक-टंकलेखक पदावर, त्याला मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्दांचं सर्टिफिकेट लागतं. क्लास लावलाय पण तिथं मशीन रोज एकच तास मिळतं, बाकीचा सराव करायचा कुठं. नोट्सच्या पीडीएफ, लेक्चर सगळं मोबाईलवरच बघते आणि रात्री डोळे चोळत बसलेली असते, बघवत नाही.

बोनसमधले १८ हजार बाजूला काढून ठेवलेत. परवा एका दुकानात ११.६ इंची लॅपटॉप बघितला, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, विंडोज ११, किंमत १६,९९०. हातात घेतला तर वहीसारखा हलका, एसटीत मांडीवर सहज मावेल. दहा मिनिटं चालवून बघितला, क्रोम उघडायला बराच वेळ लागत होता, दुकानदार म्हणाला नवीन आहे, मागं अपडेट चालू आहेत, नंतर पळेल. खरं असतं का हे? तिची कामं म्हणजे पीडीएफ, यूट्यूब, एक्सेल, मराठी टायपिंग आणि सुट्टीत टॅली शिकायचं म्हणतेय. पैसे एकदाच जाणारेत, पुढची तीन वर्षं परत काढणं जमायचं नाही, म्हणून विचारतोय. घ्यावा का?

मिरजकर

दादा, नका घेऊ. तुम्ही लिहिलंय ना अगदी तसाच मी मुलासाठी घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही कारण त्या किमतीतले सगळे आतून सारखेच. डब्यावर ६४ जीबी लिहिलेलं, चालू केल्यावर ५८ दिसली, त्यातली निम्मी विंडोजनेच घेतलेली. पहिले तीनेक महिने बरा चालला, आम्ही खूष. मग मोठं अपडेट आलं आणि म्हणायला लागलं जागा पुरत नाही. मुलाचे प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर टाकले, डाउनलोड रिकामं केलं, डिस्क क्लीनअप केलं तरी मोकळी जागा ६ जीबीच्या वर जाईना. शेवटी १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावून अपडेट सुरू केलं, रात्री नऊला जेवणं झाल्यावर लावलेलं ते पहाटे उठून बघितलं तर तेव्हा कुठं संपत आलेलं.

आणि वेगाचं म्हणाल तर दुकानदार म्हणतो तसं नंतर पळत वगैरे नाही. क्रोममध्ये चार टॅब आणि एक वर्ड उघडलं की बाण गोल गोल फिरत राहायचा. मुलाला असाइनमेंट रात्री १२ च्या आत अपलोड करायची होती, तो टास्क मॅनेजर उघडून बसलेला, डिस्क १०० टक्के, खाली यायचं नाव नाही, आणि घड्याळात पावणेबारा. पोरगं रडकुंडीला आलं होतं. शेवटी मोबाईलवर फोटो काढून अपलोड केले. जे मोबाईलवरच करायचं होतं त्याला १७ हजार कशाला घातले असं तेव्हा फार वाटलं. आता तो कपाटात आहे, विकायला काढला तर ४ हजारच्या वर कोणी बोलत नाही.

सोल्डर_आणि_स्क्रू

मी रिपेअरिंग करतो, पंधरा वर्षं झाली, असे लॅपटॉप महिन्याला चार-पाच तरी टेबलवर येतात म्हणून सविस्तर लिहितो.

त्या ६४ जीबीला ईएमएमसी म्हणतात. मोबाईलमध्ये किंवा मेमरी कार्डात असते त्याच जातीची चिप, मदरबोर्डावर डाग देऊन बसवलेली. साध्या साटा एसएसडीचा (डेटा साठवायची वेगळी, बदलता येणारी ड्राइव्ह) वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास असतो, ईएमएमसीचा कागदावरच ४०० पर्यंत, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि बारीक बारीक फाइल एकदम लिहायच्या म्हटलं की (विंडोज दिवसभर तेच करत असतं) अजून खाली येतो. मिरजकरांनी जे १०० टक्के बघितलं ते हेच. ४ जीबी रॅम तर विंडोज ११ ची किमान अट आहे, ६४ जीबी स्टोरेजसुद्धा किमानच. म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासून अगदी काठावर. एन४०२० मध्ये कोर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच. त्यापेक्षा एन१०० प्रोसेसरवाला मिळाला, त्यात चार कोर आहेत, ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असेल तर मी नाही म्हणणार नाही, पण तो १८ त बसणं अवघड.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. लोक येतात आणि म्हणतात रॅम वाढवून द्या, आणि मागचं झाकण उघडून दाखवावं लागतं की ताई इथं स्लॉटच नाही हो, सगळं बोर्डालाच चिकटलेलं आहे. ईएमएमसी गेली की डेटाही गेला आणि बहुतेक वेळा बोर्डही गेला, आणि बोर्डाची किंमत ऐकून माणूस लॅपटॉप तिथंच ठेवून जातो. गरिबाला स्वस्त म्हणून दिलेली वस्तू दुरुस्तच होत नसेल तर ती त्याला महागच पडते, हे मी रोज बघतोय.

तुम्हाला छोटाच हवाय ना? मग कंपन्यांतून निघालेला १२.५ इंची बघा. डेल लॅटिट्यूड ७२९०, वजन सव्वा किलोच्या आतबाहेर, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. रॅमचा स्लॉट आहे, एसएसडी बदलता येते, खालचे स्क्रू काढले की बॅटरीही बदलता येते. पुण्यात १६ ते १९ हजारात बघितलेत मी, तब्येतीप्रमाणे. थिंकपॅड एक्स२८० पण त्याच मापाचा पण त्याची रॅम बोर्डालाच आहे, घेतलाच तर ८ वालाच घ्या.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, आठवी पिढी किंवा पुढचीच. सहाव्या-सातव्या पिढीचे १०-१२ हजारात ढिगाने विकायला ठेवलेत कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार वळसा घालून ११ टाकून देतात, चालतंही, पण तसल्या मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अकरा_इंच

वरच्या दोघांचं विंडोजपुरतं पटतं पण छोटा लॅपटॉप म्हणजे टाकाऊच असं होऊ नये म्हणून लिहितेय. मी एका साप्ताहिकासाठी लिहिते, तालुक्यात फिरणं असतं, आणि गेली तीन वर्षं ११ इंची क्रोमबुकवर सगळं लिखाण चाललंय. तेच ४ जीबी, तीच ६४ जीबी ईएमएमसी. पण क्रोमओएस हलकी आहे, झाकण उघडलं की पाच-सात सेकंदात लिहायला तयार, बॅटरी सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत पुरते. ग्रामसभा चालू असताना मांडीवर ठेवून बातमी लिहून तिथूनच पाठवलीये मी कितीतरी वेळा. मोठ्या लॅपटॉपला तिथं जागाच नसते.

छोट्या मशीनची ही ओढ जुनी आहे. २००७ ला आसुसचा ई-पीसी आला होता, ७ इंची, ४ जीबी स्टोरेज, लिनक्सवर चालायचा. मग नेटबुकची लाटच आली, त्यात विंडोज भरायला लागले आणि ते मंद पडत गेले. आत्ता तेच पुन्हा होतंय. जिओबुकही तसंच, २०२३ ला १६,४९९ ला आलेलं ११ इंची मॉडेल, वजन ९९० ग्रॅम, ४जी सिम आतच, त्यावर त्यांची स्वतःची जिओओएस. लिहिणं, वाचणं, ब्राउझर एवढ्यापुरतं असलं मशीन ठीक.

क्रोमबुक घेणाऱ्यांनी एक बघावं, त्याची अपडेटची शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. २०२१ नंतरच्या मॉडेलना गूगलने १० वर्षं दिलीत, पण ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

पण तुमच्या बहिणीला टॅली करायचंय, ते विंडोजवरच चालतं, म्हणून तिला क्रोमबुक सांगणार नाही.

टंकलेखन_ताई

मी टायपिंग क्लास चालवते. लॅपटॉपमधलं फार कळत नाही पण टायपिंगचं सांगते कारण मूळ गरज तीच दिसतेय.

परीक्षेला मुली बसतात ते डेस्कटॉपच्या मोठ्या कीबोर्डवर. छोट्या लॅपटॉपची बटणं उथळ आणि थोडी जवळजवळ असतात, उजवीकडची शिफ्ट आणि एंटर तर बरेचदा आखूड. मराठी रेमिंग्टनला (टाइपरायटरच्या धर्तीची कीबोर्ड मांडणी) शिफ्टचा वापर भरपूर, अर्धी-पूर्ण अक्षरं तिथंच बदलतात, त्यामुळे उजव्या करंगळीला चुकीची सवय लागली की सेंटरवर वेग एकदम पडतो. माझ्याकडची एक मुलगी घरी छोट्या लॅपटॉपवर ३४ पर्यंत गेली होती आणि मोठ्या कीबोर्डवर बसली की २७. तिची चूक काही नव्हती, बोटांना ते अंतरच ओळखीचं नव्हतं. तेव्हा दादा, लॅपटॉप कुठलाही घ्या पण ५००-६०० रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड सोबत घ्याच, घरी सराव त्याच्यावरच, आणि लॅपटॉप पाटावर किंवा पुस्तकांवर जरा उंच ठेवायला सांगा म्हणजे मान खाली जाणार नाही.

दुसरं, विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे कीबोर्ड आधीच असतात, रेमिंग्टन वेगळं टाकावं लागतं. नवीन स्वस्त लॅपटॉप एस मोडमध्ये असेल तर बाहेरचं सॉफ्टवेअर इन्स्टॉलच होऊ देत नाही, फक्त स्टोअरमधलं. एस मोड फुकट काढता येतो पण एकदा काढला की परत येत नाही, यायची गरजही नाही.

टॅलीसाठी पैसे घालू नका, एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात नोंदींना तारखा १, २ आणि ३१ च टाकता येतात पण शिकायला तेवढं पुष्कळ झालं.

शिफ्टवाला_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी वेळ काढून सांगेल असं वाटलं नव्हतं. तो १६,९९० वाला रद्द. पण सेकंडहँड म्हटलं की आई नकोच म्हणते, आधी एक जुना फोन घेऊन फसलोय आम्ही. रविवारी सुट्टी आहे, पुण्यात तपकीर गल्लीकडं जाणार आहे. तिथं उभ्या उभ्या काय काय तपासू ते कोणी सांगेल का?

सोल्डर_आणि_स्क्रू

आईंचं चुकीचं नाही, बघून घेतलं नाही तर फसवतात. मी काय करतो ते सांगतो.

आधी बंद मशीन चालू करायला सांगा आणि डेलला एफ२ दाबत राहा, बायोस (विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग) उघडेल. पासवर्ड मागितला तर ते मशीन खाली ठेवा, जुन्या कंपनीचं कुलूप तसंच आहे. मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाईप करून एंटर मारा, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा ६०,००० आणि ४२,००० असतील तर बॅटरी ७० टक्के उरलीये, ठीक आहे. निम्म्याच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे कमी करून मागा. सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन बघा, या मशीनची विंडोज प्रो ची की बहुतेक वेळा बायोसमध्येच असते, त्यामुळे ते आपोआप अॅक्टिव्ह दिसायला पाहिजे. दुकानदाराने क्रॅक टाकला असेल तर नको.

नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा, एकही सोडू नका. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, कोपऱ्यात पिवळट डाग किंवा रेघ दिसते का. झाकण अर्धं उघडून सोडा, तिथंच राहायला पाहिजे. चार्जर ६५ वॅटचा आणि ओरिजिनल. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, निदान तीन महिन्यांची वॉरंटी मागा. आणि अर्धा तास यूट्यूब चालू ठेवून मगच पैसे द्या, दुकानदाराने घाई केली तर करू द्या.

शिफ्टवाला_चाकण

घेतला. लॅटिट्यूड ७२९०, १७,२०० ला, यूएसबी कीबोर्ड ५५० चा. तीन मशीन नाकारली तेव्हा चौथं मिळालं. पहिल्याला बायोसचा पासवर्ड, दुसऱ्याची बॅटरी ३८ टक्के, तिसऱ्याला 'ळ' उमटतच नव्हता, दुकानदार म्हणाला ते बटण कोण वापरतंय. मराठी टायपिंगला घेतोय म्हटल्यावर गप्प बसला. चौथ्याची बॅटरी ७४ टक्के, पृष्ठभागावर दोन ओरखडे आणि जुन्या कंपनीच्या स्टिकरचा चिकटा, तो आईने खोबरेल तेलाने काढला.

क्रोममध्ये आठ-नऊ टॅब, पीडीएफ आणि एक्सेल एकदम उघडून बघितलं, अडकला नाही. बहीण काल रात्री साडेअकरापर्यंत सराव करत होती, पहिल्याच दिवशी २२ चा स्पीड आला म्हणतेय आणि चुका १४. टंकलेखन ताई, हे बरं आहे का? तिनं मुद्दाम विचारायला सांगितलंय.

टंकलेखन_ताई

अगदी बरं आहे. आता आठ दिवस वेगाकडे बघायचंच नाही म्हणावं, चुका १४ वरून ५ वर आणायच्या. रोज नवीन उतारा घ्यायचा, पाठ झालेला नको. आणि साडेअकरापर्यंत नको, पहाटे उठून बसायला सांगा, तेव्हा बोटं मोकळी असतात.