कोल्हापुरात घरी छोटी खाऱ्या पाण्याची टाकी, कमी कटकटीत जमेल का?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. घरी चार वर्षं झाली दीड फुटाची साधी टाकी आहे, गप्पी आणि मॉली, चांगली चाललीय. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेलो होतो, तिथलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघितलं आणि तेव्हापासून लेकीनं (पाचवीला आहे) एकच हट्ट धरलाय, घरी समुद्रातले मासे पाहिजेत, ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे. खरं सांगायचं तर मलाही पाहिजेत.

पण आम्ही दोघंही नोकरीवाले, रोज तासभर टाकीपुढं बसणं होणार नाही. म्हणून छोटीशीच, म्हणजे एक फुटाची, टाकी करावी असं डोक्यात आहे, छोटी म्हणजे काम पण कमी. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, महिन्यातून एकदा तरी कोकणात जाणं होतं, तर गणपतीपुळ्याहून किंवा मालवणहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का? आणि दुसरं, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये जो उन्हाळा असतो त्यात हे मासे टिकतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, दुकानदार काय सगळंच होतंय म्हणतोय.

खारंपाणी:
सर नमस्कार, मी राजारामपुरीत आहे, माझी टाकी सात वर्षं चालू आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एक फुटाची करू नका. छोटी टाकी म्हणजे काम कमी हे खाऱ्या पाण्यात बरोबर उलटं होतं. पाणी जितकं थोडं तितकं ते लवकर बिघडतं, तापतंही लवकर. २ फूट बाय १ बाय १ घ्या, ती ५६ लिटरची होते, दगड-वाळू घातल्यावर आत ४८ च्या आसपास पाणी राहतं. त्याच्यावर झेपत असेल तर दीड फूट उंची-रुंदीची घ्या, अजून सोपं जाईल. फक्त वजनाचा विचार करा, टीव्हीच्या शोकेसवर ठेवायची वस्तू नाही ही, लोखंडी स्टँड करून घ्या.

आता मुद्द्याचं. खाऱ्या टाकीत रोजचं काम एकच आहे आणि ते चुकलं की सगळं चुकतं. पाण्याची वाफ होते, मीठ आतच राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या ४८ लिटरमधून उन्हाळ्यात पंखा चालू असताना रोज एक लिटर उडालं आणि चार दिवस लक्ष दिलं नाही तर उरलेल्या ४४ लिटरमध्ये तोच खारटपणा ३८ च्या वर जातो. मासा कळ काढेल कदाचित, गोगलगाय आणि कोळंबी नाही काढणार. म्हणून काचेवर बाहेरून चिकटपट्टीची एक रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साधं पाणी घाला. खारं नाही, साधं. मी पहिल्या वर्षी कमी झालेलं पाणी भरायला खारंच पाणी घालत होतो, सव्वा महिन्यात खारटपणा इतका चढला की दोन्ही क्लाउन (तुमच्या लेकीला पाहिजेत तेच नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे) गेले. अजून त्या दिवसाचं वाईट वाटतं, कारण मासे चांगले होते, चूक निव्वळ माझ्या माहितीची होती.

साधं म्हणजे आरओचं पाणी. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं शिवाय इतर क्षार असतात त्यानं शेवाळ माजतं. घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते, ती बंद करता येत असेल तर करून घ्या, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) लावून बघा, जितकं शून्याजवळ तितकं चांगलं. आणि एक कळकळीचं सांगणं, पाणी साठवायला तांब्याची घागर किंवा बंब अजिबात वापरू नका. आपल्याकडं घराघरात असतात म्हणून मुद्दाम सांगतोय. तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, गोगलगाय, खेकडा यांना ते विष आहे, आणि दगडात एकदा मुरलं की निघता निघत नाही. प्लास्टिकची बादली, मासे सोडून कशालाच न वापरलेली, ती एक बाजूला काढा.

समुद्राचं पाणी आणायचं म्हणाल तर चालतं, पण खाडीच्या तोंडाजवळचं नको, पावसाळ्यात तर नकोच, नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला कटकट कमी पाहिजे ना, मग घाटातून कॅन आणत बसण्यापेक्षा मत्स्यालयाचं तयार मीठ घ्या. आठवड्याला ५ लिटर बदलायचं, त्याला १७५ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, आदल्या रात्री बादलीत छोटा पंप सोडून ठेवायचं, सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, ते नुसतं सोडियम क्लोराइड (वर आयोडीन), समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं असतं.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मोजणारं उपकरण) घ्या, तरंगत्या काट्याचं हायड्रोमीटर नको, त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२५ धरून चला.

पहिले सहा आठवडे मासा आणायचाच नाही. दगड (सच्छिद्र ड्राय रॉक, पाच-सहा किलो), अॅरागोनाइट (कॅल्शियमयुक्त) वाळू, पाणी, पंप, एवढंच. बॅक्टेरियाची बाटली मिळते ती घाला आणि कोळंबीचा एक तुकडा आत टाका, तो कुजला की अमोनिया तयार होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन आकडे शून्यावर आल्याशिवाय मासा नाही. मधे दगडांवर तपकिरी धूळ बसल्यासारखं होईल, घाबरू नका, जाते.

मासे दोनच. क्लाउनची जोडी. लेकीला सांगा, हे सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा पुढं मादी होतो. त्यांना अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लागतं असं दुकानात सांगतील, लागत नाही. निळा टँग (हा दुसरा एक समुद्री मासा) मागेल ती, पण तो फूटभर वाढतो, आपल्या टाकीत त्याला ठेवणं बरोबर नाही.

पंचगंगाकाठ:
वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त लाइटीचं बोलतो, कारण ते कोणी आधी सांगत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या गल्लीत आलं, वीज गेली ती किती दिवस आलीच नाही. मासे झाकणाच्या बादलीत घेतले, बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि बहिणीकडं उजळाईवाडीला गेलो, वाटेत रिक्षात बादली मांडीवर. मासे वाचले हो. पण टाकी मागं राहिली, पंप बंद, पाणी थांबलेलं. परत आलो आणि झाकण काढलं तर सडक्या अंड्यासारखा वास, दगडातले जिवाणू ऑक्सिजनवाचून मेले होते. सगळं परत पहिल्यापासून, दोन महिने मासे बहिणीकडंच.

त्यामुळं भावा, लाइट जाण्याची तयारी आधी कर, शोभेचा दिवा नंतर घे. पाणी फिरवणारा पंप पाच-दहा वॅटचा असतो, घरचा इन्व्हर्टर त्याला आरामात पुरतो, फक्त हीटर त्याच्यावर लावू नको, तो बॅटरी खातो. आणि सेलवरचा एअर पंप घरात असू दे, सेल वर्षाला बदलत जा. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमी विरघळतो, गरम झालं की आणखी कमी.

अजून एक, टाकीच्या कडेनं मीठ सांडून पांढरे थर बसतात, बोटानं खरवडले तर पापुद्रे निघतात. ते वायरवरून सरकत सरकत बोर्डापर्यंत जातं. वायर नेहमी सॉकेटच्या खाली लोंबू दे, मग वर, म्हणजे थेंब खालीच गळतो. आमच्याकडं एक प्लग असाच काळा पडला होता.

देवबाग_किनारा:
मी मालवणकडची, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. टाकीसाठी पाणी न्या, पण दादा, किनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे, दगड काही नेऊ नका हां. सगळी कठीण पोवळी आणि समुद्री घोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, मेलेला तुकडा शोभेला ठेवला तरी तो गुन्हाच. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आमच्याकडं फिरायला येणारी माणसं पोरांच्या हातात तुकडे देतात, फार जिवाला लागतं ते बघून. दुकानदार "जिवंत दगड समुद्रातून काढलेला" म्हणून काही दाखवत असेल तर घेऊ नका, कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात ते घ्या. मासे घेताना पण टँकमध्ये पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडंच बसवलंय, मग समुद्रातून धरून आणलेला कशाला? पैदास केलेला जास्त टिकतो पण, दाणा लगेच खातो.

रंकाळा_काठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समोर बसून पण सांगत नाही. एक फुटाचा विचार सोडला, दोन फुटाचीच करतो. ताई, लेकीला पोवळ्यांचं वाचून दाखवलं, तिच्या कंपासपेटीत तारकर्लीचा एक तुकडा होता, तिनं आपणहून सांगितलं की पुढच्या वेळी परत ठेवून येऊ.

उन्हाळ्याचं तेवढं राहिलं बघा. आमचा हॉल पश्चिमेला आहे, मे महिन्यात संध्याकाळी भिंत तापते.

खारंपाणी:
मग हॉलमध्ये ठेवूच नका, सर. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत, खिडकीसमोर नाही अशा जागी. पाणी २५-२६ अंशाला असावं, २८ पर्यंत चालतं, ३० च्या पुढं काळजी. काचेचं झाकण काढून जाळी लावा (क्लाउन उडी मारतात, उघडी ठेवू नका) आणि पाण्यावर तिरका वारा जाईल असा छोटा क्लिपचा पंखा, दोन-तीन अंश उतरतात. अर्थात वाफ वाढते, म्हणजे ती सकाळची रेघ आणखी महत्त्वाची. दिवा सहा तासांच्या वर नको, तोही पाणी तापवतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री चांगलीच थंडी पडते तेव्हा हीटर लागेल, ५० वॅटचा बास.

गावाला चार दिवस जायचं असेल तर मासे उपाशी राहिले तरी चालतात, शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगू नका, मूठभर टाकतात. पाणी मात्र घालायला सांगा.

रंकाळा_काठ:
अपडेट. टाकी बसवून आज ५३ वा दिवस. नायट्राइट ४४ व्या दिवशी शून्य झालं, तरी आठवडाभर थांबलो, परवा क्लाउनची जोडी आणली, टँकमध्ये पैदास केलेली. पिशवीत बारीक नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत तास घालवला मग आत सोडले. रेघेपर्यंत पाणी भरायचं काम लेकीनं घेतलंय, शाळेची रिक्षा यायच्या आधी मापाच्या जगानं घालते आणि किती लागलं ते वहीत लिहिते. काल ४०० मिली, आज ४५०.

एक शंका, छोटा क्लाउन रात्री पंपाशेजारच्या कोपऱ्यात एका कुशीवर वाकडा होऊन पडून असतो. ती साडेदहापर्यंत झोपली नाही, टॉर्च घेऊन बघत बसली. आजारी आहे का?

खारंपाणी:
श्वास नीट चालू आहे आणि सकाळी दाण्याला येतोय ना? मग आजारी नाही, क्लाउन झोपतात तसे. टॉर्च बंद करायला सांगा तिला, त्याची पण झोप होऊ दे.