मदत हवी आहे : ‘गनस्मोक’च्या डीव्हीडींवरून फाइल करताना आडव्या रेघा येतात

‘गनस्मोक’ ही जुनी अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिका. डिस्क अमेरिकेच्या, रीजन १ (डीव्हीडी कुठल्या प्रदेशात चालेल त्याचा क्रमांक), एनटीएससी (तिथली टीव्ही-चित्राची पद्धत). ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, म्हणून तो १ वरच ठेवला आहे. तिथे अडचण नाही. मालिका सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्मवर चित्रित झालेली, डिस्कवर ती सेकंदाला २९.९७ फ्रेम होते. काही भागांत दर पाच फ्रेमपैकी दोनांवर रेघा दिसतात; घोडा दौडला की नायक मॅट डिलनच्या टोपीची कड करवतीसारखी. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर) डीइंटरलेस (सगळ्याच फ्रेमच्या एकाआड एक ओळी जुळवणारा फिल्टर) लावलं तर रेघा जातात, पण चित्र पुसट होतं आणि हालचाल अडखळते. इतक्या सुंदर कृष्णधवल छायाचित्रणाचं ते नुकसान बघवत नाही. डीटेलिसिन (डिस्कसाठी वाढवलेल्या फ्रेम काढून मूळ फिल्मच्या फ्रेम परत आणणारा फिल्टर) लावून दर सेकंदाला २३.९७६ फ्रेम स्थिर केला, तरी दृश्य बदलताना रेघा परततात. बहुधा संकलनाच्या जोडावर फ्रेमचा क्रम तुटतो. सोबत डीकोम्ब (फक्त रेघा असलेल्या फ्रेमच दुरुस्त करणारा फिल्टर) लावावं का? १९६६ पासूनच्या रंगीत भागांना वेगळं सेटिंग लागतं का?