फ्लॉइड कार्डोझ: आपला स्वयंपाक मोठा केला, की परक्या ताटाला जुळवून घेतला?

कोकमसार:
परवा घरी न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेल्या शेफ फ्लॉइड कार्डोझचा विषय निघाला आणि जेवणं होईपर्यंत वाद चालला. भाऊ म्हणाला, "अमेरिकेत उपमा करून लाख डॉलर मिळवले, यात कसलं कर्तृत्व?" मला ते लागलं. पैशाचं तर त्याला माहीतच नव्हतं: टीव्हीवरच्या स्वयंपाकस्पर्धेचं ते बक्षीस कर्करोग संशोधनासाठी दिलं गेलं, शेफच्या खिशात गेलं नाही.

१९६० साली मुंबईत जन्मलेला, मूळचा गोव्याच्या घरातला मुलगा. जीवरसायनशास्त्र सोडून स्वयंपाकाकडे वळला, स्वित्झर्लंडला शिकला, मग न्यूयॉर्कला गेला. तिथल्या लेस्पिनास रेस्टॉरंटमध्ये शेफ ग्रे कुन्झच्या हाताखाली एकेक पायरी चढला. १९९८ मध्ये रेस्टॉरंटवाल्या डॅनी मायरबरोबर मॅडिसन अव्हेन्यूवर 'तबला' हे रेस्टॉरंट उघडलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षेने त्याला चारपैकी तीन तारे दिले. तिथल्या बहुतेक लोकांच्या मनात तेव्हा भारतीय जेवण म्हणजे दुपारचा स्वस्त बुफे आणि सगळ्या भाज्यांना एकच तांबडी ग्रेव्ही. त्या शहरात आपल्या मसाल्याला पांढऱ्याशुभ्र टेबलावर मानाने बसवणं सोपं नव्हतं. माझ्या मते आपण त्याचं मोल अजून ओळखलेलं नाही.

उलथणं:
मला हे पटत नाही. 'तबला'मध्ये बैठक फ्रेंच, मासा तिथला, तंत्र तिथलं. आपला फक्त वास. २०११ च्या 'टॉप शेफ मास्टर्स' या अमेरिकन टीव्ही स्पर्धेत त्यांनी जिंकताना जो उपमा केला, त्यात रानमशरूम, कोकम आणि नारळाचं दूध. चविष्ट असेलही, पण आपल्या कुठल्या घरात असा उपमा होतो? माझी आई कुळथाचं पिठलं असं करायची की ताटाभोवतीची माणसं बोलायची थांबायची. तिला तारे द्यायला कोणी आलं नाही. परक्यांच्या साच्यातून गेल्याशिवाय आपल्या अन्नाला किंमत येत नाही, हे मला खुपतं, आणि आपण त्याचाच उत्सव करतो, हे जास्त खुपतं.

रात्रपाळी:
उलथणं ताई, मी हॉटेलच्या किचनमध्ये उमेदीची वर्षं काढली आहेत. आम्ही शिकलो तेव्हा सगळा मान फ्रेंच सॉसला होता. चाळीस माणसांची बिर्याणी डोळे मिटून दम देणारा उस्ताद आमच्याकडे होता, पण मोठ्या पदाच्या यादीत त्याचं नाव कधी आलं नाही. कार्डोझचं नाव आम्ही ऐकलं ते त्या दिवसांत. आमच्यातला एक माणूस धण्या-जिऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कमध्ये मुख्य शेफ झाला, ही बातमी आम्हाला काय वाटली असेल, याचा विचार करा.

आणि तो उपमा. परीक्षकांपुढे ठेवायला याहून धोक्याचा पदार्थ नाही. मशरूमला पाणी सुटतं. ते आधी तव्यावर पूर्ण आटवलं नाही तर रव्याचा लगदा होतो. रवा कमी भाजला तर चिकट, जास्त भाजला तर कडसर. ताट टेबलावर पोचायला दोन मिनिटं उशीर झाला की गिच्च गोळा. ज्याला जिंकायचंच आहे तो सुरक्षित काहीतरी करेल. याने लहानपणचा नाश्ता निवडला.

साच्याचं म्हणाल, तर गोव्याचं स्वयंपाकघर मुळातच सरमिसळीचं. मिरची, बटाटा, पाव हे सगळं पोर्तुगिजांबरोबर आलं. विंदालूचं तर नावही पोर्तुगीज. त्या घरात वाढलेल्या माणसाने खेकड्याच्या केकला गोव्याचा मसाला लावला, तर ती नक्कल कशी?

तिखटमीठ:
शेफ म्हणून हात जोडतो. पण रेस्टॉरंट चालवणं हे वेगळं काम आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. 'तबला' २०१० च्या अखेरीस बंद. न्यूयॉर्कच्याच सोहोमधलं त्याचं 'पाववाला' २०१६ ला उघडलं, दोन वर्षांत त्याचं 'बॉम्बे ब्रेड बार' करावं लागलं, तेही २०१९ ला बंद. मुंबईत त्याचं 'बॉम्बे कँटीन' हे रेस्टॉरंट निघालं कुठे, तर लोअर परळच्या कमला मिलमध्ये. जिथे गिरणी कामगार डबा उघडायचा, तिथे त्याच्या नातवाला बिल बघून मागे फिरावं लागतं. 'कँटीन' हे नाव तिथे मला सहन होत नाही.

कोकमसार:
कँटीनच्या बिलाचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण बंद पडणं हा कार्डोझचाच दोष कसा? न्यूयॉर्कच्या भाड्यापुढे 'तबला'चं बारा वर्षं टिकणं मला थोडं वाटत नाही. आणि २०१५ मध्ये समीर सेठ, यश भाणगे या भागीदारांबरोबर त्याने मुंबईत काय केलं ते बघा. मुंबईच्या महागड्या हॉटेलात तोवर परदेशी नावांचाच तोरा असायचा. यांनी मोसमाप्रमाणे बदलणारा मेनू ठेवला, घरात आपण नाक मुरडतो त्या भाज्या त्यात आल्या. २०१७ ला 'ओ पेद्रो' हे रेस्टॉरंट काढून गोव्याकडे वळला. मार्च २०२० मध्ये भायखळ्याला 'बॉम्बे स्वीट शॉप' सुरू झालं, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरोनाने तो गेला. ५९ वर्षांचा होता. पुढच्या दहा वर्षांत त्याने काय केलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

उलथणं:
पावाचा मुद्दा मान्य, रात्रपाळी. माझ्या बोलण्यात ते सुटलं होतं. पण तारे कोण देतं आणि कोणाला देतं, यावर मी हटणार नाही. तुमच्या त्या बिर्याणीवाल्या उस्तादांचंच बघा ना. कार्डोझच्या तीन ताऱ्यांनी त्यांच्या पगारात काय फरक पडला?

रात्रपाळी:
काही नाही पडला, ताई. ते त्याच पदावर निवृत्त झाले. पण त्यांच्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंटला नाव घातलं तेव्हा त्यांनी अडवलं नाही. आधीच्या दोघांना अडवलं होतं.