सोसायटी ग्रुप: कंपाउंडमधले चार टायर

बी-३०२: ए-७०४ चे चार टायर मागच्या कंपाउंडमध्ये तसेच पडलेत. आत पाणी साचलंय. गेल्या पावसाळ्यात आपल्या विंगमध्ये डेंग्यू झाला होता, विसरलात का सगळे?

ए-७०४: काकू, उचलतो. नवीन टाकले म्हणून ते उतरवले. गणपती झाले की गाडीने हिमाचलात स्पितीला निघतोय. त्यातला एक बरा आहे, जादा स्टेपनी म्हणून टपावर बांधणार.

ए-१०१: बरा कशावरून? साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघ. २३१८ असेल तर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसते म्हणून फसू नकोस.

ए-७०४: १८ चाच आहे काका.

सी-२०५: ट्यूबलेस आहे ना? पंक्चर किट, छोटा कॉम्प्रेसर. झालं.

ए-१०१: साइडवॉल फाटली तर किट चालत नाही. खिळा घुसला तर पट्टी भरता येते, दगडाने बाजू कापली की टायर गेला. गाडीतली अरुंद स्टेपनी डांबरावर टायरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती. स्पितीच्या वाटेवर ग्राम्फू-बातलच्या दगडांत पूर्ण मापाचीच हवी.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा. मेंटेनन्स काहींचा अजून बाकी आहे.

सी-२०५: लिफ्टचं विचारलं तेव्हा गप्प होतात साहेब, आता बरे आलात.

ए-७०४: काका, हवा किती?

ए-१०१: दाराच्या चौकटीवर कंपनीचा आकडा असतो. खडीवर त्यातून चार-पाच पीएसआय कमी, वेगही कमी. डांबर लागलं की परत भर, नाहीतर टायर तापतो. वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. बाहेरची हवा विरळ, म्हणून तिथे गेज मुंबईपेक्षा जास्त दाखवेल. थंडीने थोडं उतरेल. रोज सकाळी निघायच्या आधी मोज.

सी-२०५: म्हणजे घाटात हवा फुकट 😄

बी-३०२: टायर अजून तिथेच आहेत.

डी-६०१: दादा, जॅक खडीत रुततो, खाली जाड फळी घ्या. आणि इथेच एकदा चाक काढून बघा. टायरवाले गनने नट इतके आवळतात की गाडीतल्या पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना घ्या. लॉक नट असेल तर त्याची चावीही.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये दुरुस्तीला एजीएममध्ये मनाई झाली आहे.

ए-१०१: साहेब, चाक काढून परत लावणं ही दुरुस्ती नव्हे. पोरांना घेऊन चाललाय तो. आणि पुन्हा सांगतो, साइडवॉल फाटली तर किट चालत नाही.

सी-२०५: काका, कळलं हो!

ए-१०१: कळलं तर बरंच. कुंझुमच्या वाटेवर टायरवाला शोधून मिळायचा नाही. पेट्रोलही मनालीलाच फुल कर, ग्राम्फूहून वळलास की पुढचा पंप थेट स्पितीत, काझाला.

ए-७०४: चारही टायर टायरवाल्याला दिले. स्टेपनी उद्या कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघतो.

ए-१०१: रिमसकट घे. नुसता टायर नेलास तर तिथे चढवणार कोण?

बी-३०२: आभारी आहे. बाकीच्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या आजच रिकाम्या करा.